मुनादी थांबते ते दार

बपेरा गावात ग्रामपंचायतीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तरी धनीराम रामटेके अजून गल्लीगल्लीतून ओरडत जातो. तो आमच्या गावचा कोतवाल. सोसायटीत तांदूळ आला, ग्रामसभा ठरली, नळाला पाणी येणार नाही, असं काहीही असलं की सकाळी सकाळी तो डावा हात कानावर ठेवतो, मान किंचित वर करतो आणि "ऐका होऽऽ" म्हणून सुरू करतो. दवंडीला आमच्याकडे मुनादी म्हणतात. ग्रुपवरचा निरोप लोक पाहतात आणि विसरतात. धनीराम दारासमोर ओरडून गेला की विसरायची सोय राहत नाही.

त्याच्या हातात डफडं नसतं. त्याचे वडील इश्वर रामटेके हेही कोतवाल होते. छप्पन साली समाजानं धम्म घेतला तेव्हा ते ऐन उमेदीत होते. घरातले देव गेले, त्यांच्याबरोबर डफडंही गेलं. "सांगाचं हाय ते तोंडानं सांगन," असं ते तेव्हाच्या पाटलाला म्हणाले होते म्हणतात. तेव्हापासून या घराची मुनादी नुसत्या आवाजावर चालते. धनीरामला तो आवाज वारशात मिळाला. घरात मात्र तो इतका हळू बोलतो की त्याची सून दीपमाला कधी कधी "काय म्हनलं, मामाजी?" असं दोनदा विचारते.

त्याची एक रीत मी फार वर्षांपासून पाहत आलो. आमच्या भागात लेकराच्या अंगावर पाण्याचे फोड आले, ताप आला, की माता आली असं म्हणतात. खरं तर म्हणतही नाहीत. 'पाहुणी आली' एवढंच हळूच सांगतात. दाराला कडूनिंबाची डगाल, म्हणजे फांदी लावतात. घरात फोडणी देत नाहीत, परका माणूस आत येत नाही, आणि दवाखान्याचं नाव काढत नाहीत. मुनादी देत चाललेला धनीराम अशा दाराजवळ आला की शब्द अर्धा असला तरी गिळतो, चपला न वाजवता पुढे जातो आणि दोन घरं ओलांडल्यावर राहिलेलं वाक्य पुरं करतो. त्याच्या स्वतःच्या घरात माता नाही, भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. मी एकदा विचारलं, "धनीराम, तुझा तर यावर विश्वास नाही ना?"

"नाई गुरुजी," तो म्हणाला. "पन अंदरचं लेकरू झोपलं असन ना."

त्याचा मुलगा अनुप माझा विद्यार्थी. तो आता मँगनीजच्या खाणीत कंत्राटी कामावर आहे. अनुपची मुलगी गुंजन पहिलीत गेली आणि दिवाळीच्या सुमारास पिवळी पडायला लागली. पायांवर मार न लागता निळे डाग, उतरून परत चढणारा ताप. तुमसर झालं, भंडारा झालं, शेवटी नागपूरच्या दवाखान्यात निदान झालं की रक्ताचा कॅन्सर आहे. त्यानंतरचे कितीतरी महिने या घराचं बिऱ्हाड जवळजवळ नागपुरातच होतं. गुंजनचे केस गेले, गाल सुजले, चालणं बंद झालं आणि पुन्हा सुरू झालं. नंतर केस परत आले, पेरणीनंतर वर डोकावणाऱ्या धानाच्या पऱ्ह्यासारखे, तेवढेच आखूड आणि तेवढेच सरळ. औषधांचा जोराचा भाग संपला. आता घरी रोज गोळ्या आणि महिन्याला एकदा नागपूर.

घरी सोडताना डॉक्टरांनी अनुप, दीपमाला आणि धनीराम या तिघांना समोर बसवून समजावलं होतं. या गोळ्या रक्तातल्या वाईट पेशी मारतात, पण रोगाशी लढणाऱ्या चांगल्या पेशीही त्यात कमी होतात. म्हणून इतर मुलं ज्या आजारातून आठवड्याभरात उठून खेळायला लागतात, तोच आजार हिच्या फुप्फुसात किंवा यकृतात उतरू शकतो. ताप आला तर घरी थांबायचं नाही. आणि कांजण्या झालेल्या मुलाजवळ ही गेली, असं कळलं तर त्याच दिवशी फोन करायचा. "हिच्या अंगावर काही दिसेपर्यंत वाट बघू नका. आधी कळलं तर आधी औषध देता येतं," असं डॉक्टर म्हणाले होते.

डॉक्टर साताऱ्याकडचे. ते 'कांजण्या' म्हणाले. धनीरामनं 'खाजण्या' ऐकलं.

आता यात त्याची चूक तरी काय सांगावी? आमच्या गावात कांजण्या कुणाला होतच नाहीत, माता येते. दीपमाला बालाघाटकडची, तिच्या माहेरी 'छोटी माता' म्हणतात. अनुपनं शब्द ऐकला असेल, पण त्या दिवशी त्याचं सगळं लक्ष गोळ्यांच्या वेळांकडे होतं. धनीरामला वाटलं, खाज सुटते ती खाजण्या, म्हणजे खरूज. अर्थ लागला असं वाटलं की माणूस तो शब्द पुन्हा कुणाला विचारत नाही.

मग त्यानं काम मनावर घेतलं. अंगणात गुंजनशी खेळायला कुणी आलं की धनीराम खाटेवरून उठायचा.

"हात दाखव. बोटं फाक."

"आबाजी, तुमी शाळेतल्या मॅडम झाले काय?" पोर विचारायचं.

"झालो. इकडला हात बी दाखव."

बोटांच्या बेचक्यात एखादी पुटकुळी दिसली की त्या पोराला गोड बोलून परत पाठवायचं. कुणी रडलं तर हातावर शेंगदाणे ठेवायचे. गल्लीतल्या मुलांचे हात त्या काळात इतके स्वच्छ झाले की शाळेतल्या बाईंनी मला आश्चर्यानं सांगितलं होतं. समोरच्या हिरालालच्या मनिषचे हात तर नेहमीच धुतलेले असत, कारण त्याची आजी केशरबाई स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक. मनिष त्या तपासणीत दर वेळी पास. एका दुपारी तो जरा मलूल होता, अंगही थोडं गरम लागत होतं. पण हात स्वच्छ होते. तो आणि गुंजन ओसरीवर डोक्याला डोकं लावून संध्याकाळपर्यंत चिंचोके खेळली.

त्यानंतर लवकरच हिरालालच्या दाराला निंबाची डगाल लागली. धनीराम मुनादी देत आला, दार पाहिलं, आवाज गिळला आणि हळूच पुढे गेला.

मी त्या दिवसांत भंडाऱ्याला मुलीकडे होतो, त्यामुळे मला यातलं काही ठाऊक नव्हतं. गुंजनची नागपूरची तारीख आली आणि मलाही तिकडे डोळे दाखवायचे होते, म्हणून भंडाऱ्याहून मी त्यांच्याच बसमध्ये चढलो. गुंजन तोंडाला मास्क लावून खिडकीशी बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक गावाचं नाव आजोबाच्या चालीवर म्हणत होती. "ऐका होऽ, शहापूर आलं होऽ!" दीपमाला तिला गप्प करत होती, धनीराम हसत होता. माझा डोळ्यांचा डॉक्टर दुपारी होता, म्हणून आधी त्यांच्यासोबत दवाखान्यात जाऊन बसलो.

तिथे वच्छला सिस्टर आधी चौकशी करतात. बाई साकोलीकडच्या, हात झपझप चालतो आणि तोंडही.

"ताप आला होता?"

"नाई."

"खोकला? जुलाब?"

"नाई."

"घरी, शेजारी कोनाले कांजण्या?"

"अजिबात नाई," धनीराम अभिमानानं म्हणाला. "मी एकेकाचा हात पाहूनच लेकरं अंगनात घेतो."

सिस्टरचा पेन थांबला. "हात? हात काहून पाहता, काका?"

"खाजण्या पाहाले. बोटाच्या मधात."

सिस्टर आधी खुदकन हसल्या. मग एकदम त्यांचं हसणं गेलं. खुर्ची पुढे ओढून त्यांनी आवाज खाली आणला.

"काका, मी दुसऱ्या शब्दात विचारतो. गावात कोनाच्या घरी माता आली काय?"

धनीराम जमिनीकडे पाहायला लागला. ज्याचा आवाज नाल्यापलीकडच्या वाडीपर्यंत जातो तो माणूस, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. भीती नव्हती ती. ज्या दारासमोर जन्मभर आवाज बंद ठेवला, ते दार परक्या गावात उघडायचं कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

"दुसऱ्याच्या घरची गोष्ट हाय, सिस्टर," तो म्हणाला.

"मी त्यांच्या घरी थोडीच चालली? तुमची पोट्टी कोनासंग खेळली, कवा खेळली, एवढं सांगा. कांजण्या म्हनजे माताच, काका. एकच हाय ते."

मी शेजारीच बसलो होतो, तरी त्याचं उत्तर मला जेमतेम ऐकू आलं. "हिरालालचा मनिष. डगाल लागाच्या आंधी खेळले."

दीपमालानं गुंजनला जवळ ओढलं. गुंजन म्हणाली, "मी जिंकली होती."

डॉक्टर आले. त्यांनी खेळल्याचा दिवस विचारला, मनात हिशेब केला. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच हा आजार दुसऱ्याला लागतो, हे त्यांनी सांगितलं. भेट झाल्यावर लगेच कळलं असतं तर तयार प्रतिकारशक्तीचं एक इंजेक्शन शोधता आलं असतं. आता विषाणू वाढू नये म्हणून गोळ्या सुरू करायच्या, आणि कॅन्सरच्या गोळ्या काही दिवस थांबवायच्या.

ते ऐकून धनीराम उठूनच उभा राहिला. "त्या गोळ्या बंद? मंग तो मोठा आजार परत आला तं?"

"एवढ्याशा खंडानं येत नाही, काका. या घटकेला धोका या दुसऱ्या आजाराचा जास्त आहे. तिच्या पेशींना लढायला थोडी सवड देऊ या. आणि अंगावर पहिला फोड दिसला की निघायचं. दुसऱ्याची वाट बघायची नाही."

डोळे दाखवून मीही त्यांच्यासोबतच गावी परतलो. गाव जवळ आलं तेव्हा धनीराम म्हणाला, "गुरुजी, रोज त्याच दारासमोरून गेलो मी. अन् खरूज पाहत राहिलो."

घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता तो हिरालालच्या अंगणात गेला. दवाखान्यात मनिषचं नाव सांगितलं होतं, म्हणून ते सांगितल्याचं कळवणं त्याला भाग वाटलं. केशरबाई दारातच होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि मग सुरू झाल्या.

"काहून रे कोतवाल, गावची मुनादी कमी पडली म्हून नागपुरात जाऊन माह्या घरची देल्ली?"

"काकी, सांगा लागलं."

"आजवर या दारासमोरून पाखरावानी चुपचाप जात होता. मी म्हनो, मानूस धनीरामसारखा पाहिजे. अन् दवाखान्यात मातेचं नाव घेतलं! आता कोपली तं कोनाच्या लेकरावर कोपन?"

धनीरामनं मान खाली घातली आणि निघून आला. केशरबाई वाईट बाई नाहीत. मनिषसाठी त्या स्वतः अळणी खात होत्या, त्याला निंबाच्या पाल्यावर निजवून रात्रंदिवस वारा घालत होत्या. त्यांच्या लेखी घरात आलेल्या पाहुणीचा अपमान झाला होता आणि त्याची भरपाई लेकराला करावी लागणार होती.

काही दिवस शांत गेले. मग एका सकाळी दीपमाला गुंजनला आंघोळ घालत असताना तिला पाठीवर एक फोड दिसला. दहिवराचा थेंब बसावा तसा, पाणीदार, भोवती लाल. अंग थोडं तापलं होतं. तिनं लगेच सिस्टरला फोन लावला.

"निघा," वच्छला सिस्टर म्हणाल्या. "बसनं येऊ नका, बसमध्ये दुसरी लेकरं असतेत. अन् वॉर्डात सरळ शिरू नका. मागच्या दारानं या, मी तिथं उभी राहतो."

अनुप खाणीत पाळीवर. गल्लीत चारचाकी एकच, हिरालालची जुनी ओम्नी, जिच्यातून तो तुमसरच्या बाजारात भाजी नेतो. धनीराम समोरच्या दारात जाऊन उभा राहिला. निंबाची डगाल अजून तिथेच होती, पानं वाळून वळलेली. मी दोन घरं पलीकडे दात घासत होतो. तेव्हा मी तो आवाज ऐकला.

"हिरालाऽऽल!"

निंबाच्या दारासमोर धनीरामनं आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. आजूबाजूचे लोक बाहेर आले. हिरालालच्या आधी केशरबाई आल्या.

"बोंबलतं काहून? लेकरू झोपलं हाय."

"काकी, गाडी पाहिजे. गुंजनच्या पाठीवर फोड आला. नागपूरले न्याची हाय."

केशरबाईंनी कपाळाला हात लावला. "माता अंगावर असतानी लेकराले शिवेबाहीर नेतेत काय? तुमाले काही मानपान नाई, ठीक हाय. पन पोट्टीचा तं इचार कर. घरी निजव. निंबाचा पाला मी देतो."

"काकी," धनीराम म्हणाला, आणि आता त्याचा आवाज पुन्हा घरातल्यासारखा हळू झाला होता. "मनिषच्या घरात पाहुणी आली, तं घरात चार मानसं होती तिचं पाहाले. खाऊन-पिऊन गेली. माह्या गुंजनच्या घरात कोनीच नाई. सारे राखनदार त्या औषधानं गेले. पाहुणी घरच खाऊन टाकन, काकी."

केशरबाईंनी विचारलं, "मनिषपासूनच गेली काय?"

"त्यानं का मुद्दाम देल्ली? लेकरं खेळले."

त्या वळल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण आतून त्यांचा आवाज आला, "हिरालाल! उठतं का पानी टाकू तोंडावर? गाडी काढ. खिडक्या साऱ्या उघड्या ठेव." मग बाहेर येऊन धनीरामला म्हणाल्या, "उभा काहून? आन तिले. मुनादी देऊन झाली ना तुही?"

पुढचं मला धनीराम आणि दीपमालाकडून कळलं.

मागच्या दारानं या, हे शब्द धनीरामला वाटभर टोचत होते. त्याच्या वडिलांच्या पिढीनं कुठल्या दारांनी जाणं सोडलं आणि त्यासाठी काय काय सोसलं, हे त्याला ठाऊक आहे. दवाखान्याच्या मागे सिस्टर उभ्या दिसल्या तेव्हा तो बोललाच, "सिस्टर, आमाले मागच्या दारानं काहून? समोरून यायले काय झालं?"

सिस्टर चालता चालता म्हणाल्या, "काका, समोरच्या वॉर्डात तुमच्या गुंजनसारखी किती लेकरं हाय, तुमी पाहिलं ना? तुमची पोट्टी त्यांच्या मधातून गेली तं सगळ्यांले तेच. त्यांच्यासाठी हे दार हाय."

दीपमाला सांगते, त्यानंतर तो स्वतःच त्या बोळात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "इकडून नाई, समोरून जा" म्हणून परत पाठवायचा.

वेगळी खोली मिळाली. सलाईनमधून विषाणूवरचं औषध सुरू झालं. पहिले दिवस कठीण गेले. फोड वाढले, आखूड केसांच्या मधे आले, तोंडात आले, पाणी गिळताना गुंजन रडायची. ताप चढायचा तेव्हा धनीराम तिच्या श्वासाकडे पाहत बसायचा, कारण डॉक्टरांनी फुप्फुस म्हटलेलं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. छातीचा फोटो काढला. तो स्वच्छ आला. यकृताच्या तपासणीत आकडे थोडे वर गेले, मग खाली यायला लागले.

सिस्टरनं खोलीच्या दारावर कागद चिकटवला. 'विचारल्याशिवाय आत येऊ नये.'

धनीरामनं तो वाचला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "सिस्टर, डगाल लावली म्हना की."

"हो," त्या म्हणाल्या. "निंब नाई भेटला म्हून कागद."

फोडांवर खपल्या धरल्या, नवे यायचे थांबले. घरी सोडताना डॉक्टर धनीरामला म्हणाले, "काका, पहिल्या फोडाला आणलंत. अंगभर होईपर्यंत घरी ठेवलं असतं तर काय झालं असतं, ते मला सांगायला आवडणार नाही." कॅन्सरच्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या, हे रक्त तपासून ठरणार होतं. तो उपचार अजून बराच बाकी आहे. तो संपेपर्यंत या घरातलं कुणी पूर्ण निर्धास्त होणार नाही, आणि आम्ही शेजारीही.

हिरालालच त्यांना घ्यायला गेला होता. ओम्नी गल्लीत थांबली तेव्हा मी ओसरीवर होतो. धनीराम उतरला आणि जागीच उभा राहिला. त्याच्या दाराच्या चौकटीला निंबाची डगाल बांधलेली होती. ताजी, हिरवीगार. बुद्धाच्या तसबिरीच्या घराला.

दीपमालानं हळूच विचारलं, "मामाजी, काढू काय?"

समोरून केशरबाई ओरडल्या, "हात नोको लावू! तुह्यासाठी नाई, अन् देवासाठी बी नाई लावली. सारा गाव पोट्टीले पाहाले घुसन, खोकत-शिंकत. डगाल पाहून कोनी येत नाई. म्हून लावली."

धनीराम त्या डगालीकडे पाहत राहिला. वडिलांनी दाराबाहेर काय काय ठेवलं होतं, ते त्याच्या मनात आलं असणार. मग तो म्हणाला, "राहू दे, दीपमाला." आणि गुंजनला उचलून, डगालीला डोकं लागू नये म्हणून वाकून आत गेला. गावातलं कुणी त्या दारातून आत गेलं नाही. पानं वाळली की केशरबाई स्वतः बदलून जायच्या, त्याही उंबऱ्याबाहेरूनच.

काही दिवसांनी सोसायटीत तांदूळ आला. सकाळी नेहमीसारखा आवाज ऐकू आला. "ऐका होऽऽ, उद्या सोसायटीत तांदूळ भेटन होऽऽ." त्यानंतर त्यानं स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं, जे तलाठ्यानं सांगितलेलं नव्हतं. "अन् ज्याच्या घरी पाहुणी येईन, त्यानं डगाल पहिल्याच दिवशी लावा होऽऽ, अन् मले कानात सांगा होऽऽ!"

"कानात सांगा म्हून गावभर बोंबलते," केशरबाई मला म्हणाल्या. पण ऐकत होत्या.

आवाज आमच्या गल्लीत आला. हिरालालच्या दारावर आता डगाल नव्हती, तिथे तो पूर्ण जोरात ओरडला. मग वळून स्वतःच्या घरासमोर आला. दाराकडे पाहिलं. 'तांदूळ' मधला 'तां' तोंडातच राहिला. कानावरचा हात खाली आला, आणि चपला न वाजवता तो स्वतःच्याच दारासमोरून पुढे निघाला.

खिडकीतून मास्क लावलेलं एक तोंड बाहेर आलं.

"आबाजी! आपल्याच घरासमोर काहून नाई ओरडत? मी जागीच हाय ना!"

धनीराम थांबला. मागे आला. खिडकीपासून थोडा दूर उभा राहिला, डावा हात पुन्हा कानावर ठेवला, आणि फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सगळी मुनादी पहिल्यापासून दिली.